हळकुंडाच्या वाट्या

"काका, हे बघा." आरतीनं हातातलं छोटं लोहचुंबक मंगळसूत्रावरून फिरवलं. मानेमागच्या हूकपाशी आल्यावर ते टक्‌कन चिकटलं.

आरती एका दवाखान्यात एमआरआय टेक्निशियन. ते मशीन म्हणजे खोलीभर लोहचुंबकच. जवळ लोखंडाचा तुकडा गेला तर उडून त्यावर आदळतो. त्यामुळं तिथं अंगावर धातू चालत नाही. म्हणून तिनं मला बिनधातूचं मंगळसूत्र करायला सांगितलं होतं. मी करवंटी घासून वाट्या केल्या, काचेचे काळे मणी सुती दोऱ्यात ओवले, स्वतःवर खूश झालो आणि सवयीनं डझनावारी मिळणारा हूक लावून मोकळा झालो. वरून पिवळा, आत लोखंड. तीस वर्षांचा कारागीर मी!

ठुशीला मागं दोऱ्याची सरकती गाठ असते, तशी घातली की हूकच नको. माझ्या भिंतीवर ठुशा टांगलेल्या, तरी हे सुचायला दोन दिवस लागले. तोवर आरतीला घेऊन तिच्या सासूबाईच शिवाजी पेठेतल्या माझ्या दुकानात हजर झाल्या.

"पावणं, ही करवंटी तुम्हीच दिलीसा व्हय?"

"मावशी, पॉलिश तर बघा..."

"पॉलिश घाला चुलीत! सुनेच्या गळ्यात करवंटी घालून भीक मागाय लावताय काय आमाला?"

आरती मान खाली घालून उभी. ड्यूटीवर ती सोन्याचं मंगळसूत्र काढून ठेवायची. मोकळा गळा सासूबाईंना पटेना. "गळ्यात घालाय येत नसंल तर नोकरी सोड," इथवर गोष्ट आली होती. म्हणजे एका मुलीची नोकरी माझ्या करवंटीला लोंबकळत होती.

मी एकेक सुचवू लागलो. चिंचोका? "चिंचोकं खेळाय असत्यात." शर्टाचं बटण? यावर त्या आरतीचा हात धरून पायरी उतरायला निघाल्या.

शेवटी मी हात टेकले. "सोनं न्हाय, चांदी न्हाय. मग काय चालंल, ते तुम्हीच सांगा."

त्या मागं वळल्या आणि स्टुलावर टेकल्या. "माझं म्हायेर गगनबावड्याचं. लग्नादिवशी सोनार पावसात घाटात अडकला. मुहूर्त टळाय लागला. मामंजींनी पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून दिलं. आठ दिवस तेच हुतं गळ्यात."

"मग?"

"मग काय? संसार झालाच की!"

दुसऱ्या दिवशी हळकुंडं घेऊन बसलो. उकडून वाळवलेली हळद ती, दगडासारखी. बारीक करवतीनं आडव्या चकत्या कापल्या आणि मधून पोखरून वाट्या केल्या. पहिल्या चार तडकल्या. पिवळा रंग युनिफॉर्मला लागू नये म्हणून वरून लाखेचं पॉलिश दिलं. या वेळी मागं हूक नाही, सरकती गाठ घातली आणि लोहचुंबक मीच आधी फिरवलं. दोनदा.

आरती आता तेच घालून मशीनच्या खोलीत जाते. सासूबाई भावकीला सांगतात, "आयडिया माझी हाय."

खरंच आहे ते. वस्तू किती हलकी, किती टिकाऊ, हे कारागिरानं बघावं. ती गळ्यात चालेल का, हे घालणाऱ्या घराला आधी विचारावं. मी ते शेवटी विचारलं.

जेवताना बायकोला हे सगळं रंगवून सांगितलं. रोजच्या साध्या वस्तूंतून दागिना कसा घडतो, वगैरे. तिनं पदर सरकवून स्वतःचं मंगळसूत्र पुढं ओढलं.

"अहो, माझा हूक तुटून चार महिने झाले. तवापासनं सेफ्टी पिन लावलीय. ही बी रोजचीच वस्तू की!"