अकाउंट्स तुम्ही घ्या, मास्तर

म्हातारेसर म्हातारे नव्हते. पन्नाशीतही केस काळेभोर, चाल भराभर. नाव पडलं ते बोलण्यामुळे. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या विलायती अर्थशास्त्रज्ञांना ते ‘आमचे म्हातारे’ म्हणत, आणि तेही असं, की जणू ही मंडळी मागच्याच गल्लीत राहतात आणि संध्याकाळी कट्ट्यावर भेटतात.

डोंबिवली पूर्वेला एकाच मजल्यावर आमचे दोघांचे कॉमर्सचे क्लास होते, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. दोघंही अर्थशास्त्र आणि अकाउंट्स शिकवायचो. अर्थशास्त्र माझा जीव की प्राण, एम.ए. त्यातच केलेलं. माझ्याकडे छापील नोट्स होत्या, एसी होता. त्यांच्याकडे खडू आणि म्हातारे. तरी हसण्याचे आवाज पलीकडूनच यायचे आणि माझी मुलं मान वर करून प्लायवूडकडे बघत बसायची. मला सरांचा हेवा वाटायचा. कौतुकमिश्रित वगैरे नाही, चांगली जळजळ व्हायची.

बजेटच्या दिवशी तर विचारूच नका. सर मोबाइलवर भाषण लावत आणि एकेका घोषणेला थांबवून विचारत, "हे कुठल्या म्हाताऱ्याला पटलं असतं?" आयात शुल्क वाढलं की म्हणत, "इंग्लंडात धान्यावर हेच करून बघितलं होतं. जमीनदार खूश, पाव महाग. आता आपल्याकडे पावाच्या जागी काय आहे, ते सांगा." मुलं ओरडून उत्तरं देत. माझ्याकडे त्या वेळी वित्तीय तुटीची व्याख्या उतरवून घेणं चालू असे.

एकदा घोडबंदर रोडला एका लग्नाला आम्ही दोघं निघालो, तर रिक्षा माजिवड्याला अडकली. मेट्रोचे खांब दाखवत सर म्हणाले, "मेट्रो सरकार बांधतंय आणि भाव चढतोय शेजारच्या जमिनीचा. मालक घरी झोपलेला असला तरी. आमचे म्हातारे याच गोष्टीवर चिडायचे." रिक्षावाला मागे वळला. "मग सर, भाड्याने राहणाऱ्याने काय करायचं?" तिथून पुढे तो त्यांच्याशीच बोलत राहिला. उतरताना माझ्याकडे फक्त सुट्टे मागितले.

होता होता माझी अर्थशास्त्राची बॅच दोन बाकांवर आली. त्या आठवड्यात कुठल्याशा देशाशी मुक्त व्यापाराचा करार झाल्याची बातमी गाजत होती. सर चहा घेऊन आले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "मास्तर, खरं सांगू? दोन्ही विषय मी तुमच्यापेक्षा बरे शिकवतो. पण अकाउंट्समध्ये तुम्ही थोडेच मागे आहात, अर्थशास्त्रात बरेच. तेव्हा अकाउंट्स तुम्ही घ्या. अर्थशास्त्र मी घेतो. देशादेशांत हेच करतात, दोघांचाही फायदा होतो. म्हाताऱ्यांनी सिद्ध करून ठेवलंय."

तो सिद्धांत मलाही पाठ होता. फक्त त्यातला मागासलेला देश आपण असू, असं कधी वाटलं नव्हतं. मी हो म्हणालो. आणि संताप याचा, की ते खरं ठरलं. दोघांच्याही बॅचेस भरल्या. सहा वर्षं मी ताळेबंद जुळवत बसलो आणि पलीकडे माझा विषय हसत राहिला.

यंदा सर क्लास बंद करून मुलीकडे घोडबंदरला राहायला गेले. जाताना म्हणाले, "आता दोन्ही तुमचेच."

जूनमध्ये मी पुन्हा अर्थशास्त्राच्या फळ्यासमोर उभा राहिलो. व्यापार करारांचा धडा होता. उदाहरण शोधायला लागलो आणि तोंडातून निघून गेलं, "समजा, एका मजल्यावर दोन सर आहेत. पहिले दोन्ही विषय जास्त चांगले शिकवतात..." पुढचं सगळं सांगितलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"मग दुसऱ्या सरांना काय मिळालं?"

"अकाउंट्स."

"त्यांना राग नाही आला?"

"ते पुस्तकात दिलेलं नाही," मी म्हणालो.

सगळा वर्ग खो-खो हसला. मी सवयीने पार्टिशनकडे बघितलं. पलीकडे ऐकायला कोणीच नव्हतं.