पद्माकरने तपासलेलं हेल्मेट

पद्माकर देवस्थळीचा कशावरच विश्वास नव्हता, आणि त्या जोरावर म्युनिकमध्ये त्याचं गेली चौदा वर्षं उत्तम चाललं होतं. सॉफ्टवेअर कंपनीत तो टेस्टर होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधली खोट शोधायची, आणि सापडली नाही तर ती कुठे लपवली असेल याचा विचार करायचा, हे त्याचं काम. पण हा गृहस्थ काम घरी घेऊन यायचा. कलिंगडाला टिचकी मारून तर कोणीही बघतं, हा पावालाही मारायचा. अन्वी जन्मली तेव्हा बाळाच्या आणि आईच्या मनगटांवरचे नंबर त्याने तीनदा पडताळले होते, तिसऱ्यांदा तर नर्सला बाहेर पाठवून. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. याचं तोंड कधी आणि कुठे पोळलं होतं, ते वीस वर्षांच्या संसारात नीलिमालाही कळलं नव्हतं.

अशा माणसाच्या पोटी अन्वी आली. बारा वर्षांची ही पोर बर्फाच्या कड्यावरून डोकं पुढे काढून सुसाट खाली येते आणि वर विचारते, “बाबा, वेळ किती लागला?” गेल्या हिवाळ्यात स्की क्लबच्या शर्यतीच्या संघात तिची निवड झाली, तेव्हा नीलिमाने शिरा केला. पद्माकरने मात्र क्लबची नियमावली डिक्शनरी घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली. त्यातला एक नियम त्याला मनापासून आवडला. सरावात कोणीही डोक्यावर आपटलं, तर त्याच दिवशी ट्रेनरला सांगायचं. लपवलं तर हंगामभर संघाबाहेर.

“बघ, जर्मनांनाही मुलांचा भरवसा नाही,” तो म्हणाला.

“आपल्या मुलीचा तुला तरी आहे का?” नीलिमाने विचारलं.

नोव्हेंबरात शर्यतीचं हेल्मेट घेतलं. ते साधं चालत नाही. कानांवरही टणक कवच लागतं, आणि नियमात बसतं असं सांगणारा, न निघणारा स्टिकर मागे असावा लागतो. पद्माकरने दुकानातच तो स्टिकर नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही. तरी घरी येईपर्यंत त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकत राहिली. स्टिकर काय, कोणीही छापेल. स्टिकरखालचं हेल्मेट चांगलं कशावरून? पोरीचं डोकं त्यात जाणार होतं.

मग त्याने ते तपासलं. पोरीच्या डोक्याएवढं वजन हवं म्हणून पिशवीत चार किलो तांदूळ भरले, पिशवी हेल्मेटमध्ये घट्ट बांधली आणि पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून खाली फरशीवर टाकली. एकदा कपाळाच्या बाजूने, एकदा कानाच्या, एकदा मागच्या. रविवारी आवाज केलेला शेजाऱ्यांना चालत नाही, म्हणून हे सगळं शनिवारी दुपारी, मायलेकी बाहेर गेल्या असताना. प्रत्येक वेळी खाली जाऊन त्याने हेल्मेट निरखलं. ओरखडे तेवढे पडले होते, ते त्याने पॉलिशने पुसले. तडा कुठेच नाही. पास! गडी बेहद्द खूष झाला. तांदूळ डब्यात परत गेले, आणि पास झालेल्या गोष्टीचा विचार करायची त्याला सवयच नव्हती.

जानेवारीतल्या एका शनिवारी डोंगरातल्या लेंगग्रीस गावी मोसमातली पहिली शर्यत होती. सकाळी पार्किंगशेजारच्या लाकडी खोपटात ट्रेनर रेनाटे प्रत्येकाचं सामान बघत होती. साठीची, उन्हाने रापलेली बाई. अन्वीचं हेल्मेट तिने हातात घेतलं, आतलं अस्तर काढलं, फोमवरून अंगठा फिरवला आणि थांबली.

“हे घालून तुला उतरता येणार नाही,” ती म्हणाली. “आत फुटलंय. तू डोक्यावर पडलीस कधी?”

“नाही,” अन्वी म्हणाली.

“मला सांगितलं का नाहीस?”

“पडलेच नाही तर काय सांगू?”

पद्माकरचा संशय लगेच कामाला लागला. आधी दुकानदारावर गेला: कोणीतरी परत केलेला माल नवा म्हणून गळ्यात मारला. मग खुद्द रेनाटेवर: हिला दुसऱ्या कुठल्या मुलीला पुढे काढायचं असणार. मग त्याला आठवलं की गेल्या आठवड्यात अन्वी सरावाहून आली ती गप्प होती. डोकं दुखतंय म्हणाली होती. जेवलीही कमी.

“अन्वी,” तो मराठीत म्हणाला, “खरं सांग. पडली होतीस ना?”

“नाही, बाबा.”

“मग डोकं का दुखत होतं?”

“सर्दी झाली होती!”

“बघ हं. आत्ता सांगितलंस तर मी काही म्हणणार नाही.”

शब्द कळत नसले तरी सूर सगळ्यांना कळतो. संघातल्या चार मुली बूट घालता घालता थांबल्या होत्या. अन्वीचे डोळे भरून आले. रेनाटेवर ती चिडली होती, बापाकडे मात्र तिने बघणंच सोडलं. रेनाटेने सुस्कारा टाकून वही उघडली.

“मला वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम,” ती पद्माकरला म्हणाली. “हा फोम एकच आपटी खातो आणि स्वतः चेपून डोकं वाचवतो. बाहेरून काही दिसत नाही, पण दुसऱ्यांदा तो उपयोगाचा नसतो. आणि इथे तर तीन जागी चेपलाय. कपाळाशी, कानाशी, मागे. तीनदा पडली आणि तीनदा लपवलं.”

तीनदा. कपाळ, कान, मागे. पद्माकरच्या तोंडचं पाणी पळालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं दुकानदारापासून पोटच्या पोरीपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. उरला होता तो एकटाच. आणि हे फुटकं हेल्मेट घालून पोर दोन महिने डोंगर उतरत होती! गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. रेनाटेची वही उघडी होती, अन्वीचं नाव खोडायला पेन हातात होतं.

“ते मी फोडलं,” तो म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं, बाल्कनी, पिशवी, चार किलो. रेनाटे ऐकत होती, पण तिच्या डोळ्यांतला भाव पद्माकरच्या चांगलाच ओळखीचा होता. असा तो स्वतः रोज लोकांकडे बघायचा.

“तांदूळ?” ती म्हणाली.

“हो.”

“कोणी पाहिलं?”

“कोणीच नाही. घरात एकटाच होतो.”

“पद्माकर, माझ्यासमोर तीस वर्षांत खूप बाप उभे राहिलेत. मुलांसाठी बाप काहीही बोलतात.” तिने वहीवर पेन टेकवलं, मग थांबून अन्वीकडे वळली. “तुला वाटतं हे खरं?”

“हो,” अन्वी म्हणाली. क्षणाचाही विचार न करता.

“तू पाहिलंस त्यांना टाकताना?”

“नाही. पण बाबा म्हणतोय ना.”

पद्माकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच मिनिटांपूर्वी याच पोरीने तेवढ्याच सरळपणे ‘नाही’ म्हटलं होतं.

रेनाटेने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि वही मिटली. अन्वी संघात राहिली. त्या दिवशी मात्र तिच्या मापाचं दुसरं हेल्मेट मिळेना, म्हणून शर्यत तिला कुंपणाबाहेरूनच बघावी लागली. पद्माकर तिच्या शेजारी उभा होता. दोन मुली खाली येऊन गेल्या. तिसरी येईपर्यंत त्याने कसाबसा धीर धरला.

“अन्वी, खरंच विश्वास बसला ना तुझा? का मला वाचवायला म्हणालीस?”

तिने नाक पुसलं.

“बाबा, प्लीज,” ती मराठीत म्हणाली, “आता हे तरी तपासू नकोस.”