टाक्याचा कल

चामड्याचं काम चालतं त्या घरात दोन गोष्टी साठत जातात, कातरण आणि किस्से. कातरण झाडून डब्यात भरता येते. किस्से मात्र कपड्यांना चिकटून आपल्या घरी येतात! गेली सहा वर्षं मी दर रविवारी सकाळी बोईसरला जनूकाकांकडे जातो आणि परत आलो की बायको विचारते, "आज काय झालं?" "काही नाही" असं उत्तर मला एकदाही द्यावं लागलेलं नाही.

जनूकाका मूळचे माकुणसारचे. तारापूरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट फिटर होते, आता रिटायर. घरी बसून हाताने घड्याळाचे चामडी पट्टे करायचे, हा त्यांचा नोकरीत असल्यापासूनचा नाद. पट्टे जुन्या धाटणीचे, पूर्वी चावीच्या घड्याळांना असायचे तसे. तपकिरी, भक्कम आणि कडेने पांढऱ्या दोऱ्याची शिवण.

त्यांचे चेले दोन. एक मी. मी कंपनीच्या लॅबमध्ये माल पास-नापास करतो, म्हणून काका मला 'क्वालिटी' म्हणतात. दुसरा मिश्रा, रंगाच्या कारखान्यातला ऑपरेटर. बारा वर्षं बोईसरला आहे, मराठी सगळं कळतं, बोलतो मात्र हिंदीच. आणि आम्हा सगळ्यांवर लक्ष ठेवायला काकांच्या पत्नी इंदूकाकी. माहेर दातिवऱ्याचं, कोळ्याघरची लेक. चहा आणि टोमणा एकाच कपातून देतात.

काकींच्या मनगटावर काकांनी लग्नात दिलेलं छोटंसं घड्याळ असतं. आणि त्याला पट्टा काय, तर जाळ्याच्या हिरव्या नायलॉन दोऱ्याचा, त्यांनीच विणलेला!

पहिल्याच दिवशी मी न राहवून विचारलं, "काका, सगळ्या तालुक्याला पट्टे आणि काकींना दोरा?"

"हिच्यासाटी जरा बऱ्या चामड्याची वाट बगतोय," काका म्हणाले.

"बत्तीस वर्षं बगतायत!" काकी आतून म्हणाल्या.

* * *

माझा पहिला पट्टा मी अगदी लॅबच्या शिस्तीत केला. व्हर्नियरने जाडी मोजली, भोकांमधलं अंतर वहीत लिहिलं. तीन रविवार गेले.

पट्ट्याचे दोन तुकडे असतात. आखूड तुकड्याला बक्कल, लांब तुकड्याला भोकं. दोन्ही माझे इतके सुबक झाले होते की मीच माझ्यावर खूश! घड्याळाला जोडले, मनगटावर बांधले आणि काकांपुढे ऐटीत हात केला.

काकांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिलं.

"टाके चांगले हायत. कड पन चांगली घासलीस. आता एकच कर, क्वालिटी."

"काय काका?"

"टाइम बगायचा झाला, की डोक्यावर उभा राहत जा."

मी बाराच्या बाजूचा तुकडा सहाच्या बाजूला जोडला होता!

* * *

जुन्या धाटणीच्या पट्ट्याला चामडंही जुनंच हवं, असा काकांचा हट्ट. ते आणायचे भंगारवाल्याकडून. बंद पडलेल्या मशीनचे चामडी बेल्ट, ग्रीसने काळेकुट्ट, बोटभर जाड. मला तर ते हातात धरवत नसे. काका पाय पसरून बसायचे आणि रापीने, म्हणजे चामडं तासायच्या सुरीने, एकेक पापुद्रा काढत जायचे. तासाभराने आतून असा गुळासारखा रंग निघायचा की आम्ही दोघे हातातलं काम टाकून बघत बसायचो. इतकी वर्षं धूर, तेल आणि खडखडाट सोसून ते चामडं आत तसंच राहिलं होतं!

मिश्राला मात्र त्याचा पट्टा फारच नवा दिसतो असं वाटायचं. "काका, इसको पुराना कैसे करें?"

"बांध आनि ड्युटीवर जा."

मिश्राने ते शब्दशः घेतलं. महिनाभर रंगाच्या प्लांटमध्ये तो पट्टा बांधून राबला. रंगाची पूड आणि घाम मुरून पट्टा मोरपिसासारखा निळा-हिरवा झाला. काका कपाळाला हात लावून बसले होते. त्याच दिवशी पालघरचा एक शौकीन गृहस्थ आजोबांचं घड्याळ घेऊन आला. त्याची नजर मिश्राच्या मनगटावरून हलेना.

"हा शेड कुठला हो? बाहेरून मागवलात का?"

मिश्रा अदबीने म्हणाला, "नहीं साहब. सेकंड शिफ्ट."

* * *

एकदा काकींच्या भावाकडे दातिवऱ्याला आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. काकांनी आदल्या दिवशीच सहा पट्टे रंगवले होते, काळा चहा उकळून. ते ओले पट्टे त्यांनी बरोबरच घेतले. समुद्राचा वारा चांगला, म्हणून बोंबील वाळत घातले होते त्या बांबूंवर, बोंबलांच्या मधोमध, रांगेत लटकवून दिले!

जेवणं झाल्यावर काकींनी भावाचं फाटलेलं जाळं मांडीवर ओढलं. सुई डाव्या हातात. गप्पा आमच्याशी चाललेल्या, जाळ्याकडे बघतही नव्हत्या, आणि फाटलेली जागा डोळ्यांदेखत मिटत होती. मी वाकून पाहिलं, तर जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं, काही कळेना.

"डावरी हाय ती," भाऊ हसत म्हणाला. "ल्हानपनी आई बोलायची, डाव्या हाताने वाढू नको. पन जाळ्याला कोन बोलनार? हिने बांधलेल्या आसातून मासा सुटला नाय कदी."

आस म्हणजे जाळ्याचं एकेक भोक. मी तो शब्द त्या दिवशी शिकलो आणि काकींचा डावा हात त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला.

पट्ट्यांचं पुढे काय झालं? त्यातला एक एका बँकेतल्या साहेबांनी नेला होता. आठवड्याने फोन आला. काकींनी तो स्पीकरवर टाकला.

"पट्टा अप्रतिम आहे हो. पण आमच्या बिल्डिंगमधल्या तीन मांजरी रोज मला गाडीपर्यंत सोडायला येतात!"

"तीनच?" काकी म्हणाल्या. "मंजे वास उतरला."

* * *

आता काकांच्या टाक्याबद्दल सांगतो. एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीने भोक पाडायचं आणि दोन्ही सुया त्यातून समोरासमोर काढायच्या. खूण नाही, पट्टी नाही, सगळा अंदाज डोळ्याचा. मी एकदा गुपचूप लॅबमधलं भिंग आणून त्यांचे टाके मोजले. सगळी अंतरं सारखी! माझ्या लॅबमधली मशिनंसुद्धा कधीकधी चुकतात हो.

आणि प्रत्येक टाका किंचित उजवीकडे कललेला. काका म्हणायचे, "आरी ज्या हातात, त्या बाजूला टाका कलतो. टाका मंजे सही. दुसऱ्याची मारता येत नाय."

मिश्राने एकदा घरी शिवून आणलेला पट्टा त्यांच्या हातात दिला. काकांनी डोळे मिटले आणि अंगठा सावकाश शिवणीवरून फिरवला. एका जागी थांबले.

"इथं चहा आला होता का?"

मिश्राचा चेहरा पांढरा पडला. खरंच, तिथे तो हातातलं काम ठेवून उठला होता, आणि पुढचा टाका केसभर लांब पडला होता. त्याने काकांचे पायच धरले.

"सिर्फ चाय नहीं काका, समोसा भी था!"

* * *

आणि अशा माणसाचा उजवा हात गेला.

एका शनिवारी सकाळी पॅरालिसिसचा झटका आला. जीभ वाचली, पाय हळूहळू सुधारला, पण उजवा हात दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवल्यासारखा मांडीवर पडून राहिला. हॉस्पिटलच्या जिन्यात मी आणि मिश्रा दोघेही रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

काका घरी आले तेव्हा गॅलरीत त्यांचा लाकडी चिमटा तसाच उभा होता. शिवताना चामडं धरून ठेवतो तो. त्यात एक आखूड तुकडा अडकवलेला, जेमतेम नऊ टाके घातलेले, दोन्ही सुया लोंबत होत्या. मला ते बघवेना. म्हटलं, आपण पुरा करावा. हात पुढे केला.

"त्याला हात लावायचा नाय." काकींचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"कुणाची ऑर्डर आहे का, काकी?"

"हाय एकाची."

मग रबरी चेंडू आला, मालिश आली, व्यायाम शिकवणारा आला. तो दर आठवड्याला म्हणायचा, छान प्रगती आहे. आम्ही काकांच्या तोंडाकडे बघायचो. काकांचं एकच म्हणणं.

"टाका घातला तर हात आला. बाकी सगळी त्याची समजूत."

मग आम्हीही दर रविवारी बेल वाजवायच्या आधी मनात तेवढंच म्हणायचो. आज टाका पडू दे. एकच पडू दे.

* * *

चौथ्या महिन्यात गेलो, तर काकांच्या पुढ्यात तीन नवे पट्टे! "ऑर्डरी अडकल्या होत्या," काका खाली बघत म्हणाले. "झाल्या."

मला तर ओरडावंसं वाटलं. पट्टा उचलला, उजेडात धरला. शिवण देखणी, अंतरं एकसारखी. आणि प्रत्येक टाका डावीकडे कललेला.

दुसरा पाहिला. डावीकडे. तिसरा. डावीकडे.

तेवढ्यात माझ्यापुढे चहाचा कप आला. सहा वर्षं तो ज्या हाताने येत होता, त्याच डाव्या हाताने. फक्त आज त्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या गुंडाळल्या होत्या.

मी पट्टा तसाच खाली ठेवला. मिश्रा कसला गप्प राहतो! "अरे काका, टाँके का मुँह तो घूम गया!" मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

काका गॅलरीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "वारं फिरलं."

"चहा घ्या, निवतोय," काकी म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यातला एक पट्टा मी मागून घेतला आणि घरी भिंगाखाली ठेवला. काकांच्या टाक्यांत जेवढं अंतर, तेवढंच! या बाईला कुणी शिकवलं नव्हतं. अडतीस वर्षं चहा ठेवता ठेवता जे दिसलं, तेवढंच. घरात मी एकटा होतो, तरी मी हात जोडले.

* * *

मागच्या रविवारची गोष्ट.

दार काकांनीच उघडलं. गॅलरीत गेलो, तर लाकडी चिमटा रिकामा. मी मिश्राकडे पाहिलं, त्यानेही पाहिलं होतं.

काकी ट्रे घेऊन आल्या. ट्रे खाली ठेवला आणि माझ्यापुढे मनगट धरलं. हिरवा दोरा गेला होता. त्या छोट्या घड्याळाला गुळाच्या रंगाचा पट्टा होता.

"बग रे क्वालिटी. पास की नापास?"

मी आधी भोकांचा लांब तुकडा पाहिला. टाके डावीकडे कललेले, जाळ्याच्या आसासारखे एकसारखे. मग काकींनी मनगट फिरवलं आणि बक्कलचा आखूड तुकडा समोर आला.

पहिले नऊ टाके उजवीकडे कललेले. हजारात ओळखू येतील असे. मग मध्ये चांगली तांदळाच्या दाण्याएवढी जागा मोकळी. आणि तिच्या पुढचे टाकेही उजवीकडेच कललेले, पण एक लांब, एक आखूड, एका ठिकाणी आरी दोनदा टोचलेली, आणि शेवटची गाठ भलतीच मोठी.

काकांचा उजवा हात मांडीवर होता. तर्जनीवर सुई टोचल्याचे बारीक लाल ठिपके होते.

मिश्रा वाकला, त्या मोकळ्या जागेकडे बोट केलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "काका, यहाँ चाय आयी थी क्या?"

काकांनी काकींकडे पाहिलं.

"चहा नाय," काकी म्हणाल्या. "तितं आठ महिने गेले."