चोरीला न गेलेला फलक

ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. हजेरी संपत होती, तेवढ्यात फोन आला. टोलच्या रस्त्यावर मोरीसाठी खणलेल्या खड्ड्यात प्रवाशांची जीप गेली होती.

आम्ही पोहोचलो तोवर लोकांनी जखमींना वर काढले होते. एक बाई जागीच गेली होती. डोंगरातल्या एका वाडीवरची अंगणवाडी सेविका, वय तिशीच्या आत. महाडला बैठकीला निघाली होती. जीप आत खच्चून भरलेली, म्हणून ती मागच्या पायरीवर उभी होती.

पंचनाम्यासाठी मी तो रस्ता चालत आलो. सरळ येणारा डांबरी रस्ता एकाएकी संपत होता. फलक नाही, पिंप नाही, साधे लाल फडकेसुद्धा नाही. आम्ही मोजमापे घेत होतो आणि शेजारच्या कच्च्या वळणावरून गाड्या आपटत जात होत्या. पुढच्या नाक्यावर त्यांचा पुरा टोल कापला जात होता.

जीपचालकाच्या डोक्याला टाके पडले होते. तो म्हणाला, "साहेब, काल सांजच्याला गेलो तवा रस्ता सरळ होता. बोर्ड असता तर मी काय मुद्दाम गाडी घातली असती?"

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कंत्राटदाराचा पर्यवेक्षक ठाण्यात आला. त्याला चोरीची फिर्याद द्यायची होती. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी धोक्याचा फलक लावला होता आणि रात्रीत तो चोरीला गेला, असे त्याचे म्हणणे. लावलेल्या फलकाचा छापील फोटोही त्याने सोबत आणला होता.

"कुणावर संशय?" मी विचारले.

"कुणावरच नाही साहेब. फक्त फिर्यादीची प्रत लवकर मिळाली तर बरं."

नोकरीत मी चोरीच्या पुष्कळ फिर्यादी घेतल्या. ज्याचे खरेच काही जाते तो आधी कुणाला तरी शिव्या घालतो. या माणसाला चोर नकोच होता, कागद हवा होता. तरीही फिर्याद नोंदवली आणि हवालदाराला फोटो देऊन भंगाराच्या दुकानांकडे पाठवले. सांगायला लाज वाटते, पण भंगार गोळा करणाऱ्या एका म्हाताऱ्याला आम्ही अर्धा दिवस ठाण्यात बसवून ठेवले.

त्याच संध्याकाळी हवालदार परत आला तो महाडच्या बाजारातल्या एका पेंटरला घेऊनच. गाड्यांचे नंबर आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. भंगाराच्या दुकानाशेजारीच त्याचे दुकान. त्याने फोटोतल्या 'वळण' शब्दावर बोट ठेवले.

"हा ळ माझा हाय साहेब. घाईत शेपूट लांब गेली, तशीच ठेवली. काल दुपारी रंगवला. अर्ध्या तासात पायजे म्हणाले, रंगसुद्धा सुकला नव्हता."

काल दुपारी. म्हणजे ती बाई गेल्यानंतर.

पर्यवेक्षकाला पुन्हा बोलावले. मी आवाज चढवला नाही. फलक कोणी आणला, खांबाचे खड्डे कोणी खणले, सोबत कोण होते, एवढेच विचारत गेलो. तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला. मग मी पेंटरला आत बोलावले. त्याला पाहताच पर्यवेक्षक मान खाली घालून बसला.

"वरून फोन आला होता साहेब. फलक लावून फोटो काढ, म्हणाले."

"आणि फलक?"

"आमच्या कामगारांच्या कॅम्पच्या शेडमध्ये आहे. ताडपत्रीखाली."

पंचांसमक्ष फलक जप्त केला. त्या माणसाने फलक रंगवून घेतला, उभा करून फोटो काढला आणि लगेच उपटून लपवून ठेवला. खड्ड्यापाशी मात्र दुसऱ्या दिवशीही काही लावले नव्हते. शेवटी आमच्या शिपायांनी तिथे दगड मांडले, झाडाच्या फांद्या रोवल्या. त्या दिवशी मला जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

दोषारोपपत्र गेले. पर्यवेक्षक आणि फोन करणारा अभियंता यांना अटक झाली, जामीनही झाला. जादा प्रवासी भरले म्हणून जीपचालकालाही मला आरोपी करावे लागले. खटला अजून चालू आहे. टोल एक दिवसही थांबला नाही.

माझ्या मनात सलते ते वेगळेच आहे. बाईच्या वडिलांचा जबाब मी स्वतः घेतला. शेतकरी माणूस, रडत नव्हता. म्हणाला, "आमच्या वाडीची सकाळची एस्टीची गाडी बंद केली, रस्ता खराब हाय म्हणून. गाडी असती तर माझी पोर आत बसून गेली असती. ह्ये लिवा साहेब."

"बाबा, ते यात बसत नाही," मी म्हणालो आणि वाक्य गाळले.

जबाब सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचा, हे मी नव्या अंमलदारांना वर्षानुवर्षे बजावत आलो होतो. पण गाडी नसणे कोणत्याच कलमात बसत नव्हते, आणि जे कलमात बसत नाही ते घडलेच नाही असे मानायची मला सवय लागली होती. स्वतःची मोटार असलेला माणूस चरफडत टोल भरतो आणि निघून जातो. ज्याच्याकडे मोटार नाही तो पायरीवर लटकतो. त्याची तक्रार लिहून घ्यायला कुठेच रकाना नाही.

निवृत्तीनंतर वाडीच्या लोकांबरोबर गाडीसाठी एसटीच्या आगारात तीन अर्ज दिले. उत्तर एकच, रस्ता पूर्ण झाल्यावर विचार करू. म्हणजे टोल घ्यायला रस्ता पूर्ण आणि गाडी सोडायला अपूर्ण.

चौथा अर्ज मी गेल्या आठवड्यात लिहिला. त्यात कलमे नाहीत, विनंती नाही. त्या बापाचे वाक्य आहे, त्याच्याच शब्दांत. खाली त्याचा अंगठा आणि साक्षीदार म्हणून माझी सही.