मोठे डॉक्टर आणि दुसरी खुर्ची

मोठे डॉक्टर पेशंटशी कधी खोटं बोलत नसत. दाढ काढायला आलेल्याला आधीच सांगत, "दुखेल. पण थोडंच, आणि कधी ते मी सांगेन." नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी दातांची नवी डॉक्टर म्हणून त्यांच्या मुरबाडच्या दवाखान्यात कामाला गेले, तेव्हा माझ्याशीही ते तसेच बोलले. "मला मूलबाळ नाही. माझ्यामागं दवाखाना चालवणारं कुणी हवंय. इथं राहणार, की शिकून शहरात जाणार?" मी जवळच्याच शहापूरची. राहीन म्हणाले.

त्यांनी माझ्यासाठी पेशंट बसवायची दुसरी खुर्ची आणली. चारचौघांत मला 'मॅडम' म्हणू लागले. वर्षभरानं आपले जुने पेशंट माझ्याकडे पाठवायला लागले. म्हसा गावची एक आजी बाकावरून उठेचना. "नाय, आमाला मोठ्या डाक्टरांकडंच बसायचाय."

"आजी, माझी दाढ मी यांच्याकडूनच भरून घेतली," मोठे डॉक्टर म्हणाले.

आजी उठली. ते खरंच होतं. आदल्या आठवड्यात ते माझ्या खुर्चीत बसले होते, हे सांगता यावं म्हणूनच.

तिसऱ्या वर्षी वकिलाकडे कागद झाले. दवाखाना माझ्या नावावर झाला. त्यांनी आठवड्यातून दोन दिवस यायचं, पण माझ्या हाताखाली, हे त्यांनीच लिहायला लावलं. "दोघं मालक असले की पेशंट गोंधळतो," म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात त्यांचा हात कापू लागला. मी बघत होते, बोलत नव्हते. एके दिवशी हत्यार निसटलं आणि एका शेतकऱ्याची हिरडी फाटली. टाके मी घातले. पेशंट गेल्यावर ते नळाशी उभे राहिले.

"मॅडम, कागदावर मालक कोण?"

"मी."

"मग बोला."

"सर, आता हत्यार धरू नका."

त्यांनी हात पुसले, ॲप्रनची घडी केली. "हे तुम्ही महिन्यापूर्वी सांगायला हवं होतं," म्हणाले. आवाजात राग नव्हता. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पुढचे काही महिने ते आपल्या दोन दिवशी यायचे, बाहेर बाकावर बसून लोकांना आत पाठवायचे. मग येईनासे झाले.

ते गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्यासमोर भूल दिलेला पेशंट होता. मी दाढ काढली, कापूस दाबून धरायला सांगितलं, आणि मग दवाखाना बंद केला. रिक्षात बसल्यावर मी माझ्या हातांकडे पाहिलं. ते स्थिर होते.