सत्त्याहत्तर तारखा चुकल्या कशा

वहीत सुएझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाची तारीख ३१ जुलै लिहिली होती. माझ्या हातातला वर्तमानपत्राचा तुकडा २८ जुलैचा होता आणि त्यावर तीच बातमी होती.

तुकडा गुळाचा होता. म्हणजे वाण्याने त्यात गूळ बांधून दिला होता. बायकोने पुडी सोडली आणि कागद फेकता फेकता थांबली.

"अहो, तुमची सुएझ गुळाला चिकटली आहे."

"तारीख दिसते का?"

"चिकट आहे, पण दिसते."

मी वही आणली. तीन दिवसांचा फरक. अठ्ठावीसला छापलेली बातमी एकतीसला घडणं शक्य नाही, एवढं कळायला हिशेब करावा लागत नाही. १९५७ चा जानेवारी चालू होता आणि परीक्षेला सव्वीस दिवस उरले होते.

वही माझी नव्हती, काशिनाथ दळवीची होती. काशिनाथ दाभोशाचा. घरी भातशेती. आमच्या जव्हारच्या कचेरीत तो टेम्पररी कारकून होता आणि मी अव्वल कारकून. ठाण्याला कायम कारकुनांच्या निवडीची परीक्षा होणार होती. जिल्ह्यात जागा सात; त्यांतल्या दोन आमच्या वाट्याच्या, एक जव्हारला आणि एक मोखाड्याला. काशिनाथचं वय पुढच्या वर्षी मर्यादेबाहेर जाणार होतं आणि टेम्पररी जागा मार्चअखेर बंद होणार असं पत्र येऊन पडलं होतं. म्हणजे या खेपेला नाव लागलं तर नोकरी, नाहीतर परत दाभोसा.

गणित आणि पत्रलेखन त्याचं तो करत असे. सामान्य ज्ञानाच्या पेपरची उजळणी मी घेत होतो, सकाळी कचेरीपूर्वी, माझ्या ओटीवर. त्या पेपरात दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असे: चालू घडामोडींच्या तारखा द्या. गुण दहा. काशिनाथने वर्षभर वर्तमानपत्रातून बातम्या टिपून वही केली होती. तिच्यात तारीखवार नोंदी एकोणनव्वद. मी विचारायचो, तो सांगायचा. त्याला सगळ्या पाठ होत्या.

त्या दिवशी तो आला तेव्हा मी गुळाचा कागद पुढे ठेवला.

"दळवी, ही ३१ कुठून आली?"

"पेपरावरनं, भाऊसाहेब."

"पेपरावर २८ आहे."

त्याने कागद पाहिला, उलटा करून पाहिला. "नाय, शिक्क्यावर ३१ होती. मीच मारलेला."

"पेपरावर शिक्का?"

"टपालात आला का मारायचाच ना?"

इथे थोडं समजावून सांगायला हवं. सरकारी कचेरीत बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी बारनिशीत जातो. बारनिशी म्हणजे आलेल्या-गेलेल्या कागदांची नोंद ठेवणारं टेबल. तिथला कारकून कागदावर 'आवक' असा शिक्का मारतो आणि त्यात त्या दिवसाची तारीख घालतो. अपिलाची मुदत असो की खुलाशाची, आमच्याकडे ती कागद हातात पडल्यापासून मोजायची. म्हणून आम्ही नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो की वरची तारीख नंतर बघ, आधी शिक्का बघ. संस्थानच्या काळात मी हेच शिकलो. १९४८ ला संस्थान विलीन झालं, शिक्क्यावरचं नाव बदललं, मारण्याची सवय तीच राहिली.

बारनिशीवर काशिनाथ होता. मामलेदारसाहेबांचा स्वतःचा पेपर टपालाच्या थैलीतूनच येई. काशिनाथ त्यालाही इमानाने शिक्का मारी. साहेबांचं वाचून झालं की पेपर त्याच्याकडे परत येई आणि तो शिक्क्याची तारीख घालून बातमी उतरवून घेई. मी त्याला शिकवलेलंच तो करत होता, म्हणून चूक मोजायची तर निम्मी माझी.

मी म्हणालो, "सोपं आहे. पेपर तीन दिवसांनी येतो. सगळ्यांतून तीन वजा कर."

"तीनच कसं?" तो म्हणाला. "पावसात घाटात दरड आली तवा टपाल सहा दिवस नव्हतं. मग एकदम सगळे पेपर आले. त्या समद्यांवर एकच शिक्का हाय."

आणखी एक गोष्ट मला खटकत होती. राज्य पुनर्रचनेची तारीख वहीत १ नोव्हेंबरच होती, आणि ती बरोबर होती. अशा बरोबर नोंदी शोधल्या तर बारा निघाल्या. त्या बाराच का बरोबर? मला त्याचंच कुतूहल लागलं. दुपारच्या चहापर्यंत उलगडा झाला. त्या बारा गोष्टी कचेरीला परिपत्रकाने आधीच कळवल्या होत्या. जे सरकारने आगाऊ सांगितलं ते बरोबर होतं; जे जगात आपोआप घडलं ते चुकलं होतं. म्हणजे संशयित नोंदी सत्त्याहत्तर.

मग मला एक युक्ती सुचली आणि तिचा मला थोडा अभिमानही वाटला. बारनिशीच्या रजिस्टरात दोन रकाने असतात: पत्राची तारीख आणि आवक तारीख. ठाण्याहून रोज काही ना काही येतंच. दोन रकान्यांची वजाबाकी केली की त्या दिवशी टपाल किती उशिरा आलं ते कळेल, आणि पेपर त्याच थैलीत असल्याने त्यालाही तेवढाच उशीर. मी दोन सकाळी बसून जून ते डिसेंबरचा तक्ता केला. पावसाळ्यात फरक चार ते आठ दिवस आला. ते पटलं. पण डिसेंबरात, रस्ता कोरडा ठणठणीत असताना, एका पत्राला अकरा दिवस लागलेले.

मामलेदारसाहेब टेबलाशी थांबले. "हा कसला तक्ता?"

मी सांगितलं. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि हसले.

"भाऊसाहेब, तुम्ही पत्रावर तारीख कधी घालता?"

"ड्राफ्ट टाईपला देताना, साहेब."

"आणि माझी सही कधी होते?"

"तुम्ही फिरतीवरून आलात की."

"ठाण्याचे साहेबही फिरतीवर जातात."

तक्ता मी घडी करून खणात ठेवला. तो उशीर घाटाचा नव्हता, सहीचा होता.

आता उरले मूळ पेपर. ते साहेबांनी रद्दीत घातले होते आणि रद्दी गेली होती बाजारातल्या शांतीशेठच्या दुकानी, जिथून आमचा गूळ आला होता. काशिनाथ आणि मी रविवारी सकाळी तिथे गेलो.

शेठ म्हणाले, "दोन गठ्ठे अजून तसेच आहेत. बाकीच्यांच्या पिशव्या झाल्या."

"पिशव्या पाहिल्या तर चालतील?"

"रिकाम्या पाहा. भरलेल्या सोडायच्या नाहीत. आणि उघडाल ती परत चिकटवून द्यायची. खळ माझी, मेहनत तुमची."

काशिनाथ मागच्या पडवीत बसला. त्या रविवारी आणि पुढचे दोन रविवार तो तिथेच होता. मी तासाभराने डोकावत असे. शेठ येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, "हा आमचा नवीन माणूस. गूळ घेत नाही, पिशव्या वाचतो."

पहिल्या दिवशी संध्याकाळी त्याने मला हाक मारली. त्याच्या हातात सुएझच्याच बातमीचा दुसरा तुकडा होता.

"भाऊसाहेब, आपण २८ लिवली ती पण खोटी."

"छापील तारीख खोटी कशी?"

त्याने बातमीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बारीक अक्षरात होतं: 'अलेक्झांड्रिया, ता. २६'.

"वरची छापल्याची. ही घडल्याची. शिक्का आपल्याला कळल्याचा. परीक्षेत कंची विचारतील?"

मी वीस वर्षं कागदावर काम करत होतो. रोज पेपर वाचत होतो. बातमीच्या तोंडाशी तारीख असते हे मला माहीत होतं, पण ती वाचायची असते हे त्या दिवशी कळलं. मी म्हणालो, "घडल्याची."

तिसऱ्या रविवारअखेर सत्त्याहत्तरांपैकी एकसष्ट सापडल्या. सोळा सापडल्या नाहीत. त्या पिशव्या तिखट-मीठ घेऊन गावोगाव गेल्या होत्या. काशिनाथचं मत पडलं की अंदाजाने चार दिवस मागे घेऊ. मी ऐकलं नाही. जे तपासलेलं नाही ते पाठ करायचं नाही. त्या सोळांवर मी लाल पेन्सिलीने रेघ मारली. जुन्या तारखा जिभेवर इतक्या बसल्या होत्या की उरलेल्या दिवसांत नवीन शिकवण्यापेक्षा जुन्या विसरायला लावणं जड गेलं. "सुएझ?" विचारलं की तो "एकतीस—" म्हणून जीभ चावायचा.

परीक्षेला पाच दिवस असताना तो म्हणाला, "भाऊसाहेब, सांबरेचं काय?"

रघुनाथ सांबरे मोखाड्याच्या कचेरीत टेम्पररी होता आणि त्याच परीक्षेला बसत होता. दिवाळीत तो जव्हारला येऊन दोन दिवस राहिला आणि काशिनाथची वही नकलून घेऊन गेला, हे मी विसरलो होतो. विसरलो होतो म्हणजे आठवायचं टाळलं होतं. जागा सात, बसणारे दीडशेच्या आसपास, आणि आमच्या भागातून दहा गुणांचा प्रश्न नेमका येणारा आता एकटा काशिनाथ होता.

मी वही उघडून पुढची तारीख विचारली. त्याचा अर्थ 'नको' असाच होता.

"वही माझ्या हातची," तो म्हणाला. "तो माझ्या चुका पाठ करतोय."

"पत्र टाक." मी म्हणालो.

"पत्र कवा पोचेल?"

त्याने एक दिवसाची किरकोळ रजा लिहून दिली आणि मी ती शिफारशीसह पुढे ठेवली. सकाळच्या एस.टी.ने तो मोखाड्याला गेला. पंधरा मैल जायचं, परतीची गाडी दुसऱ्या दिवशी. परीक्षेआधीचे दीड दिवस त्यात गेले.

परत आला तेव्हा हसत होता. "सांबरेनं अजून कहर केला. दिवाळीपुढच्या बातम्या त्यानं मोखाड्याला पेपर पोचल्या दिवसानं लिवल्या. आपल्यापेक्षा एक दिवस पुढं."

"रागावला का?"

"शिव्या दिल्या. मग नाचणीची भाकरी दिली. मग रातभर दोघं खोडत बसलो."

परीक्षा झाली. काशिनाथने पेपर आणून दाखवला. आठ घटना दिल्या होत्या, कोणत्याही पाच लिहायच्या. सुएझ त्यात होती. रेघ मारलेल्या सोळांपैकीही एक होती. ती त्याने सोडली आणि दुसऱ्या पाच लिहिल्या.

मार्चअखेर टेम्पररी जागा बंद झाल्या. काशिनाथ टेबल मोकळं करून दाभोशाला गेला. जाताना त्याने बारनिशीचं रजिस्टर त्या दिवसाच्या शेवटच्या कागदापर्यंत पूर्ण केलं होतं.

यादी मे महिन्यात आली, गुणांसकट. सांबरे पाचवा. काशिनाथ नववा. जागा सात.

मी आकडे मांडून बघणारा माणूस आहे, म्हणून तेही केलं. सांबरे काशिनाथच्या सहा गुण पुढे होता. त्याला तारखांचे दहा मिळाले नसते तर तो यादीत काशिनाथच्या खाली गेला असता आणि काशिनाथ आठवा आला असता. आठवाही बाहेरच, पण दाराशी. हे गणित मी कुणाला दाखवलं नाही. घरी बायकोला तेवढं सांगितलं.

ती म्हणाली, "काशिनाथ मोखाड्याला गेला नसता तर तुम्ही त्याला चहाला बोलावलं असतं का?"

"असतं."

"पण ओटीवर. आत नसतं बसवलं."

काशिनाथ यादी पाहायला आला तेव्हा मी त्याला आत बसवलं. वेटिंग लिस्ट कशी चालते ते सांगितलं: वरच्यांपैकी कुणी हजर झालं नाही तर खालचा चढतो. तो म्हणाला, "कायमची नोकरी कोण सोडेल, भाऊसाहेब?" आणि पेरणीआधीच्या कामाला हात हवेत म्हणून लगेच निघाला.

सांबरेने मोखाडा मागून घेतला. जव्हारच्या जागेवर ठाण्याच्या एका गृहस्थांची नेमणूक झाली. त्यांनी प्रकृतीचं कारण देऊन लेखी नकार कळवला. आठव्या क्रमांकाच्या उमेदवाराला बोलावणं गेलं. तो जून महिन्यात प्रत्यक्ष आला. एस.टी.तून उतरला, पाऊस कोसळत होता. त्याने राहायला खोली कुठे मिळेल ते विचारलं, सिनेमा थिएटर आहे का ते विचारलं, आणि परतीची गाडी किती वाजता ते विचारलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या उपयोगी पडलं.

त्यानंतर नववा. काशिनाथ जुलैच्या पहिल्या आठवड्यात कायम कारकून म्हणून हजर झाला. दाभोशाहून भिजत आला होता. हजर रिपोर्टावरची अक्षरं फुटली म्हणून मी त्याला तो दुसऱ्यांदा लिहायला लावला.

आज आमच्या कचेरीतून परीक्षेला बसणारी मुलं वही करतात तेव्हा मी प्रत्येक बातमीपुढे तीन रकाने आखायला लावतो: घडली, छापली, कळली. मुलं कंटाळतात. तारीख विचारली की कशाची ते आधी विचारावं, इतकंच त्यांना सांगतो. चौथा रकानाही मी आखून घेतो: वही कुणी नकलून नेली. त्याचा परीक्षेत एकही गुण मिळत नाही.