माळ्यावरची कोंडाबाई

दवाखान्यातून आलेला फोन मी दोनदा कापला. कुणी अनोळखी बाई विचारत होती, निलेश तुमचेच भाऊ ना? हल्ली असे फोन फार येतात; नातेवाईक दवाखान्यात आहे म्हणायचं आणि घाबरलेल्या माणसाला गंडवायचं. एसटीत बावीस वर्षं कंडक्टरकी केलेली बाई अशी सहजी फसत नाही. मिशा फुटलेल्या पोरांना हाफ तिकीट मागताना पाहिलंय मी. तिसरा फोन निलेशच्या शाळेतल्या वैशाली मॅडमचा आला, तेव्हा गाडी मिरजगाव स्टँडवर उभी होती. "आक्का, सर आपल्याला सोडून गेले हो..." एवढंच त्या बोलल्या आणि रडायला लागल्या. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की ही बाई तिथं काय करतेय? भाऊ गेला हे त्यानंतर कळलं. त्याची लाज आज दीड महिन्यानंतरही वाटते.

निलेश माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. मी नांदायला गेले ती दोन वर्षांत परत आले, त्यानं लग्न केलंच नाही, आणि आई-वडील गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो; मी खाली, तो माडीवर. दर रविवारी दुपारी त्याच्याकडे शाळेतल्या वैशाली मॅडम आणि मेडिकल दुकानवाला तेजस येत, दार लोटलं जाई आणि फासे खुळखुळल्याचा आवाज खालपर्यंत येई. जुगार! दुसरं काय असणार? एका रविवारी मी सुट्टी टाकली, चपला खालीच काढल्या, पाय न वाजवता जिना चढले आणि दार ढकललं. तिघांच्या मध्ये कागद, पेन्सिली, शेंगदाण्याची ताटली आणि एक निळा फासा. मोजला तर वीस बाजूंचा. सहा बाजूंचा फासा घरं बुडवतो, मग हा काय करील?

"आक्का, जुगार न्हाई गं," निलेश पोट धरून हसला. "गोष्ट हाय. मी सांगतो, ही दोघं तिच्यात राहत्यात. तेजस तलवारवाला, मॅडम धनुर्धारी. काय करायचं ते ह्यांनी बोलायचं, जमलं का न्हाई ते फासा सांगतो. बस, तूबी एक योद्धा कर."

लक्ष ठेवायला बरं, म्हणून बसले. त्यानं इंग्रजी पुस्तकावरून मराठीत केलेला एक तक्ता पुढ्यात ठेवला: बळ, चपळाई, नजर, भरवसा. वीस गुण वाटून टाकायचे. बाकीच्यांचे योद्धे मी ऐकले आणि विचारलं, ही सगळी रानात झोपतात तेव्हा राखण कोण करतं? ते कुणाला सुचलंच नव्हतं. मग मीच केली राखणदारीण. ज्वारी हुरड्यात आली की रानात माळा बांधतात, त्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकणारी साठीची बाई. नाव कोंडाबाई.

"चिलखत?" निलेशनं विचारलं.

"दोन लुगडी. एकावर एक."

"घोडा?"

"गुडघं दुखत्यात. चालंल तिच्या तिच्या चालीनं."

"आक्का, राक्षस येत्यात ह्याच्यात. असली म्हातारी कुठं योद्धा असती व्हय?"

"तुझे राक्षस ज्वारी खायला येऊ देत, मग बघू." वीसच्या वीस गुण मी नजरेला दिले. भरवशाच्या घरात शून्य. त्यानं ते शून्य बराच वेळ पाहिलं, खोडायला रबर पुढे केलं. मी घेतलं नाही. पण गोफण अशी चालली की दुसऱ्याच रविवारी तेजसचा तलवारवाला माझ्या मागं लपत होता.

दिवाळीनंतर निलेश दर पंधरवड्याला बुधवारी नगरला जायला लागला. शाळेचं काम, म्हणाला. त्या गाडीवरच्या कंडक्टरला मी सांगून ठेवलं. खबर आली, बरोबर एक मॅडम असतात, हातात डबा असतो. माझं गणित लगेच सुटलं. मॅडमचे मिस्टर लष्करात, लांब सीमेवर! निलेश वाळत चालला होता, जेवण टाकत होता. मी म्हटलं, असल्या भानगडीत माणूस वाळतोच. खेळात कोंडाबाई दर मुक्कामाला मॅडमच्या धनुर्धारीचा भाता उपसून बघायची. शेवटी एकदा जेवताना विचारलंच, "मॅडमसंगं नगरला जातोस ना?"

"तुला कुनी सांगितलं?"

"माझी मानसं हायती रस्त्यावर."

तो माझ्याकडं बघत राहिला... मग हसला. "व्हय. जातो."

ते हसू मला निर्लज्जपणाचं वाटलं. मी त्या महिन्यात त्याच्याशी धड बोलले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत. त्याला रक्ताचा कॅन्सर होता, हे तो गेल्यावर कळलं. मॅडम उपचाराला सोबत जायच्या, गोळ्या तेजस आणून द्यायचा.

तेरावा झाल्यावर मी मॅडमना घरी बोलावून फैलावर घेतलं. "मला का न्हाई सांगितलं?"

"सरांनी शपथ घातली होती," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, आक्काला कळलं तर ती नोकरी सोडून उशाशी बसेल, माझ्याआधी तीच मरेल. तिला माझ्यावर संशय घेऊ द्या, तोवर ती भांडते तरी. मला भांडणारी आक्का पाहिजे."

मला राग आला, अजून आहे. माझ्याच संशयाचा आडोसा करून तो मरून गेला. सख्खी बहीण असून मी एकदाही त्याचा डबा घेऊन गेले नाही. आणि मॅडमच्या शब्दावर तरी का विश्वास ठेवायचा? मेलेलं माणूस साक्षीला येत नाही. मला बरं वाटावं म्हणून रचलं असेल तर?

गेल्या रविवारी ती दोघं आपणहून आली. माडी झाडून मी तशीच ठेवली होती. तेजसनं निलेशची फाईल उघडली, पुढच्या खेळाची गोष्ट निलेशनं जायच्या आधीच लिहून ठेवली होती. कागद मी हिसकावून घेतला, खिडकीशी नेला, त्याच्या शाळेच्या वहीतल्या अक्षराशी ओळ न् ओळ ताडून पाहिला. त्याचंच होतं.

'ज्वारीचं रान, दुपार. कोंडाबाईला माळ्यावर झोप लागते. राखण धनुर्धारी आणि तलवारवाला करतील. इथं फासा टाकायचा नाही. रविवारी तिला आमच्यात बसवलं, ते तिनं ह्या दोघांवर भरवसा ठेवावा म्हणून. तिला उठवू नये.'

मॅडमनीच विचारलं, "आक्का, कोंडाबाई काय करते?"

"झोपते," मी म्हणाले, आणि भर दुपारी त्याच्या गादीवर आडवी झाले. रडले, आणि रडता रडता कधी डोळा लागला कळलं नाही. ती दोघं हळू आवाजात गोष्ट पुढं नेत राहिली. दिवेलागणीपर्यंत मला कुणी उठवलं नाही.